आजीवन इनकमिंग

आईचा फोन लागेना. सकाळी आठला लावला, दहाला लावला, जेवण झाल्यावर परत लावला. या क्रमांकावर इनकमिंग सेवा उपलब्ध नाही, असं एक बाई मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत सांगत राहिली. जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी घाटंजीला शेजारच्या वहिनींना फोन केला. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तब्येत ठणठणीत. फोन मांडीजवळच होता, चार्ज केलेला. दोन दिवस तो वाजलाच नव्हता आणि पोरगा कामात असेल असं समजून ती गप्प राहिली होती.

ही गोष्ट २०१८ च्या डिसेंबरातली. शनिवारी यवतमाळहून बस पकडून घाटंजी गाठलं. आईनं लोखंडी कपाट उघडलं आणि पासबुक, रेशनकार्ड ठेवलेल्या पिशवीतून एक जाड कागदाचं पाकीट काढलं. २००६ साली बाबांनी यवतमाळच्या दत्त चौकातून ९९९ रुपये मोजून आणलेल्या सिमकार्डाचं ते पाकीट. वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘लाइफटाइम’. त्याखाली बाबांचं बॉलपेनातलं सुवाच्य अक्षर: आजीवन इनकमिंग. पुढे तारीख आणि सही. बाबा कोर्टात कारकून होते. तारीख टाकून सही केल्याशिवाय कुठलाही कागद ते कपाटात ठेवत नसत.

“हे पाय,” आई म्हणाली, “तुह्या बाबाइनं लिवून ठेवलं, आजीवन. ते गेले, पन मी तं जित्ती हावो ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाकिटाच्या मागच्या बाजूला मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत अटी छापल्या होत्या. त्यांतून अर्थ निघत होता तो असा, की ‘आजीवन’ म्हणजे गिऱ्हाइकाचं आयुष्य नाही, तर कंपनीला सरकारकडून मिळालेल्या परवान्याचं आयुष्य. बाबांसारख्या, आयुष्यभर कोर्टाचे कागद वाचलेल्या माणसाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. २०१८ च्या शेवटी खासगी कंपन्यांनी एकामागून एक नवा नियम आणला: दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचं रिचार्ज करा, नाहीतर आधी बोलणं बंद आणि मग ऐकणंही बंद. आईच्या फोनवर तसा मेसेज आला होता. तो इंग्रजीत होता. आईला मराठी पोथी घडाघडा वाचता येते, इंग्रजी येत नाही.

मी ३५ रुपयांचं रिचार्ज केलं. फोन वाजला. आईनं पाकीट परत पिशवीत ठेवलं, पण तिचा चेहरा उतरलेला होता. ३५ रुपयांचं तिला काही नव्हतं. बाबांनी घरात आणलेली, पैसे चुकते केलेली एक वस्तू आपली राहिली नाही, हे तिला लागलं होतं. परतीच्या बसमध्ये मला आमच्या बसस्टँडवरचा एसटीडी बूथ आठवत राहिला.

आमच्या लहानपणी घाटंजीत फोन मोजक्या घरांत होते. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग असे त्याचे प्रकार, आणि घाई जेवढी जास्त तेवढे पैसे जास्त. ऑर्डिनरी लावला की बाकावर बसून राहायचं, कधी कधी अख्खी दुपार. लागला तर तीन मिनिटं, आणि मध्येच ऑपरेटर ‘थ्री मिनिट्स ओव्हर’ म्हणणार. ज्यांच्या घरी फोन नव्हता ते लग्नपत्रिकेत शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे कंसात ‘पीपी’ लिहायचे. आमचा पीपी नंबर कापडवाल्या काकांचा. ताईचा फोन आला की त्यांचा पोरगा आरोळी देत यायचा आणि आई हातातलं पीठ तसंच ठेवून धावत सुटायची.

मग १९९० च्या सुमाराला बसस्टँडजवळ पिवळ्या पाटीचा बूथ झाला. सनमायका लावलेली लाकडी खोली, काचेचं दार, आत एक स्टूल, एक पंखा आणि भिंतीवर लाल आकड्यांचा मीटर. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर हाफ आणि रात्री ११ नंतर वन-फोर्थ. म्हणून बूथवर खरी गर्दी रात्री ११ ला व्हायची. बाया स्वेटर घालून, मुलं अर्धवट झोपेत, आणि ज्याच्या हातात रिसीव्हर त्याच्या डोळ्यांत ते लाल आकडे. आई ताईशी बोलायची तेव्हा बाबा मीटरकडे बघत बोटांनी खुणावायचे: दहा झाले, बारा झाले. बोलणं संपलं की बाहेर टेबलावरचं छोटं यंत्र टिर्र करत कागदाची पट्टी ओकायचं. त्यावर लावलेला नंबर, वेळ, मिनिटं-सेकंद आणि रक्कम. बाबा ती पट्टी घडी करून खिशात ठेवत आणि घरी आल्यावर तारखेनुसार तारेला टोचत.

एकदा ताईच्या घरी लावलेला फोन भलत्याच घरी लागला. तिकडून कोणी “हॅलो” म्हणालं आणि मीटर पडला. बाबांनी बाहेर येऊन सांगितलं, काका, हा रॉंग नंबर गेला. बूथवाले काका म्हणाले, “मीटर पडला म्हन्जे खात्याले मले भरा लागते जी. मी कुठून देऊ?” दोघंही खरं बोलत होते. दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग काकांनीच तोड काढली. अर्धे तुम्ही द्या, अर्धे माझे. बाबांनी अर्धे दिले, काकांनी पट्टीवर पेनानं ‘रॉंग’ असं लिहून आपली एक प्रत गल्ल्यात टाकली. मी तेव्हा नववीत असेन. मोजमाप दोघांच्या डोळ्यांसमोर होतं, तक्रार तोंडावर होती आणि निकाल त्याच टेबलावर लागला.

म्हणून सगळं जुनं सोन्याचं होतं असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. रेडिओ ऐकायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पासबुकासारख्या त्या पुस्तिकेत तिकिटं चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. आमच्या घरात ती पुस्तिका अजून आहे. आज मुलांना दाखवली तर त्यांचा विश्वास बसत नाही की गाणी ऐकायला सरकारची परवानगी लागत होती. आणि फोनचं बिल अवाच्या सवा आलं तर दाद मागायला सामान्य माणसाला जागाच नव्हती. फोनचा कायदा होता १८८५ चा, तारेच्या जमान्यातला.

ग्राहक हा शब्दच आपल्याकडे हळूहळू रुजला. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, मग ते गावोगाव पोचलं. १९८६ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच उभे राहिले, तसा आपल्या यवतमाळातही. वकील न लावता, साध्या कागदावर तक्रार लिहून न्याय मागता येतो, ही गोष्ट त्या काळात फार मोठी होती. बाबा कोर्टातले असल्यामुळे गल्लीतले लोक त्यांच्याकडे तक्रार लिहून घ्यायला यायचे. बिघडलेला पंखा, न उगवलेलं बियाणं, शिलाई मशीनची न मिळालेली गॅरंटी. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “पावती हाये का?”

फोनच्या तक्रारींचं मात्र मध्येच अडलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं एका केरळच्या प्रकरणात म्हटलं, की टेलिफोनच्या बिलाचा वाद त्या जुन्या तार कायद्यातल्या लवादाकडे जाईल, ग्राहक मंचाकडे नाही. त्या निकालाकडे बोट दाखवून कितीतरी तक्रारी परत पाठवल्या गेल्या. आणि नेमक्या त्याच वर्षांत घराघरात, हाताहातात मोबाइल पोचत होते. ही कोंडी फुटली ती २०२२ च्या फेब्रुवारीत. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला साधारण ५५५ रुपये बिल यायचं, त्याला एका महिन्यात २४ हजार ६०९ रुपयांचं बिल आलं. तो २०१४ ला ग्राहक मंचात गेला. कंपनी म्हणाली, मंचाला अधिकारच नाही. हे प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं स्वच्छ सांगितलं की फोनची सेवा ही सेवाच आहे, ग्राहकाला मंचात जायचा अधिकार आहे. दार उघडं आहे की नाही एवढं ठरायलाच आठ वर्षं गेली. तरीही त्या माणसाचे उपकार मानावेत तेवढे थोडे. तो ५५५ चा ग्राहक चिकाटीनं उभा राहिला म्हणून आज घाटंजीच्या म्हातारीलाही ते दार उघडं आहे.

फोनपेक्षाही मला जास्त लागतं ते गाण्यांचं आणि पुस्तकांचं.

आमच्या घरी टू-इन-वन होता. कॅसेट विकत घ्यायची म्हणजे विचार करून घ्यायची गोष्ट. दुकानात काचेच्या कपाटात ओळीनं लावलेल्या कॅसेटी, त्यातली एक काढून दुकानदार आधी वाजवून दाखवणार, मग प्लास्टिकच्या डबीत घालून देणार. त्या दिवसापासून ती आमची. आम्ही ती मामाकडे न्यायचो, मावशीला द्यायचो, ती परत यायला सहा महिने लागायचे, पण यायची. टेप गुंतली की नटराज पेन्सिल दातेरी भोकात घालून गोल गोल फिरवायची. तुटली तर नेलपॉलिशच्या थेंबानं जोडायची. दुकानदाराला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं, कंपनीला तर नव्हतंच. घरची वस्तू बिघडली, घरीच सुधारली. कोरी कॅसेट नेऊन आवडीची गाणी भरून आणायचो, ते कायद्यात बसत नव्हतं हे मला आता कळतं. पण विकत घेतलेल्या वस्तूवर आपला हात चालतो ही समज त्या पेन्सिलीनंच दिली.

पुस्तकांचं तसंच. दिवाळी अंक आमच्याकडे पाच यायचे, तेही पाच घरांनी मिळून घेतलेले. प्रत्येक घर एक घ्यायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पाची अंक पाची घरांत फिरायचे. कव्हरावर पेनानं नावं, आतल्या पानावर हळदीचे डाग, शब्दकोड्याची चौकट कोणीतरी आधीच भरून ठेवलेली आणि त्यावरून भांडणं. माघ आला की ते अंक वाचनालयाला दिले जायचे. आमच्या पैशांनी घेतलेला अंक पुढची दहा वर्षं गावात कोणीतरी वाचत असायचं.

काही वर्षांपूर्वी मी डोळ्यांच्या सोयीसाठी दिवाळी अंक मोबाइलवर घ्यायला लागलो. अक्षर मोठं करता येतं, जागा लागत नाही, प्रवासात वाचता येतं. एका अॅपवर चार दिवाळ्यांचे मिळून २३ अंक आणि काही कादंबऱ्या मी घेतल्या. घेतल्या म्हणजे ‘खरेदी करा’ या हिरव्या बटणावर बोट ठेवलं, पैसे खात्यातून गेले, मेसेज आला. मग एका सकाळी अॅप उघडेना. आठवडाभरानं कळलं की ते बंद झालं. ई-मेल पाठवले, ते परत आले. दिलेल्या नंबरवर कोणी उचलत नव्हतं. पैशांचं दुःख एकदा बाजूला ठेवतो, पण त्यातल्या एका अंकात माझ्या दिवंगत मित्राची शेवटची कथा होती. छापील अंक त्या वर्षी मी मुद्दाम घेतला नव्हता, अॅपवर आहे म्हणून.

हे माझ्याच नशिबी आलेलं नाही. २००९ च्या जुलैत अमेरिकेत ॲमेझॉननं किंडलवर विकलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तकं लोकांच्या यंत्रांमधून दूरवरून पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, म्हणून. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण विचार करा, विकलेलं पुस्तक परत घ्यायला दुकानदार रात्री तुमच्या घरात शिरला आणि कपाटातून ते काढून, टेबलावर पैसे ठेवून निघून गेला, तर त्याला आपण काय म्हणू? कॅलिफोर्नियानं आता कायदा केलाय. २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल तर ही मालकी नाही, वापराची परवानगी आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडे असं कलम यायला हवं, आणि ते मराठीत, ठळक अक्षरांत, त्या हिरव्या बटणाच्या अगदी वर यायला हवं. माझी ही मागणी आहे.

वापरायचं आपण आणि मालकी दुसऱ्याची, हा प्रकार यवतमाळकरांना नवा नाही. मामाच्या गावी जाताना आम्ही यवतमाळहून शकुंतला पकडायचो. मूर्तिजापूरला जाणारी ती चिमुकली गाडी, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन, मँचेस्टरला घडवलेलं. चालत्या गाडीतून उतरून माणसं बोरं तोडायची आणि धावत परत चढायची. ती आमचीच गाडी, असं आम्हाला वाटायचं. बाबांनी एकदा दारव्ह्याच्या फलाटावर सांगितलं, की ही गाडी भारतीय रेल्वे चालवते, पण हे रूळ इंग्रजांच्या काळातल्या एका कंपनीचे आहेत, किलिक निक्सन तिचं काम बघायची, आणि स्वातंत्र्य मिळून इतकी वर्षं झाली तरी त्या रुळांचा मोबदला रेल्वे भरते. मी रुळांकडे बघत राहिलो. वऱ्हाडातला कापूस बाहेर न्यायला घातलेले रूळ. आज शकुंतला बंद आहे, रुळांवर गवत उगवलंय. फोनमधल्या माझ्या रिकाम्या कपाटाकडे बघताना मला दारव्ह्याचा तो फलाट आठवतो.

केबलचं थोडक्यात सांगतो. पूर्वी केबलवाला दादा महिन्याच्या पाच तारखेला सायकलवर यायचा, कार्डावर सही करायचा, चित्र नीट येत नसेल तर गच्चीवर चढायचा. २०१९ च्या फेब्रुवारीपासून दरांचा नवा नियम आला, शंभर चॅनेलांना १३० रुपये आणि वर कर, बाकीचे तुम्ही निवडाल तसे. कल्पना चांगली होती, जे बघाल त्याचेच पैसे. पण निवडायची यादीच इतकी मोठी की घरोघरच्या लोकांनी दादानं सांगितलेलं पॅकेज घेतलं.

शेतकऱ्याचं सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. पूर्वी सातबाऱ्यावर पीकपेरा तलाठी लिहायचा. शेतात न जाताच लिहिला म्हणून भांडणंही व्हायची. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, म्हणजे शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून फोनवर फोटो काढून पीक नोंदवायचं. २०२५ च्या हंगामात हमीभावानं भारतीय कापूस महामंडळाला, म्हणजे सीसीआयला, कापूस विकायला ‘कपास किसान’ अॅपवर नोंदणी आली. यातला विचार मला पटतो, आपल्या शेताची नोंद आपल्या हातात. पण झरी-जामणीकडच्या एखाद्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, रेंजसाठी टेकडी चढणारा माणूस मी बघितलाय. त्याच्या हातातला फोन भाच्याचा, रिचार्ज भाच्याचं आणि ओटीपीसुद्धा भाच्याच्याच नंबरवर. २८ दिवस संपलेले असले तर त्याचा कापूस नोंदणीविना राहील. फोन ही आता चैन नाही, सातबाऱ्याइतकीच गरज आहे, आणि म्हणून फोन चालू ठेवण्याचे नियम हे शेतीचेही नियम आहेत, असं मला मनापासून वाटतं.

आणि ते २८ दिवस! दूधवाला महिन्यानं पैसे घेतो, किराणावाला महिन्यानं, पेन्शन महिन्यानं येते. फोनचा महिना तेवढा २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा महिने. आईनं कालनिर्णयवर खुणा करून हे माझ्या आधी पकडलं होतं. “एक महिना कायले जास्तीचा?” असं तिनं विचारलं, तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. नको होतं न्यायला. लोकांनी दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, याच तक्रारी केल्या आणि २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं आदेश काढला की प्रत्येक कंपनीनं ३० दिवसांचा निदान एक तरी प्लॅन ठेवलाच पाहिजे. आईचा प्रश्न देशभरातल्या लोकांनी विचारला आणि तो दिल्लीत ऐकला गेला. त्याआधी २०१५ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वाट मिळावी म्हणून लाखो लोकांनी ट्रायला ई-मेल पाठवले होते, त्यात आपल्या कॉलेजांतली पोरंही होती. २०१६ च्या फेब्रुवारीत काही साइट फुकट आणि बाकीच्यांना पैसे अशा दरांवर बंदी आली.

दोन वर्षांपूर्वी घरात आणखी एक झालं. पुतण्यानं गाण्यांचं एक अॅप महिनाभर फुकट म्हणून माझ्या फोनवर सुरू केलं. महिना संपला आणि पैसे कापले जायला लागले. बंद करायला गेलो तर ‘सुरू ठेवा’ हे बटण मोठं, रंगीत, आणि ‘रद्द करा’ राखाडी, बारीक, चार पानांच्या आत. तिथे पोचल्यावर परत प्रश्न, तुम्हाला खरंच हे सगळं गमवायचंय का? मी पंधरा मिनिटं झगडलो. माझं काहीतरी चुकतंय असंच वाटत होतं. नंतर कळलं की यालाच कायद्यात नाव आहे. २०२३ च्या ३० नोव्हेंबरला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा तेरा फसव्या रचनांची यादी जाहीर केली आणि त्या बेकायदा ठरवल्या: खोटी घाई करणं, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं. माझा सापळा त्या यादीत होता. चूक माझी नव्हती, हे कळल्यावर फार हलकं वाटलं.

मी १९१५ ला फोन केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पलीकडे माणूस होता. मी मराठीत बोललो, त्यानं मराठीत विचारलं, आणि बाबांचाच प्रश्न विचारला: पैसे गेल्याचा पुरावा आहे का? माझ्याकडे मेसेज होते, पडद्याचे फोटो होते. तीन आठवड्यांत पैसे परत आले. रक्कम फार नव्हती. पण त्या दिवशी संध्याकाळी मी बाबांच्या फोटोसमोर उभा राहून त्यांना हे सांगितलं.

आईच्या फोनचं पुढे काय झालं तेही सांगतो. सहा वर्षं मी दर २८ दिवसांनी तिचं रिचार्ज करत राहिलो. पॅक महागत गेले आणि प्रत्येक पॅकमध्ये नेट. रोज एवढा जीबी, तेवढा जीबी. आईचा फोन बटणांचा. त्यात नेट चालतच नाही. म्हणजे जे कधी वापरता येणार नाही त्याचे पैसे ती भरत होती. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायनं नियम बदलला: फक्त बोलणं आणि एसएमएस, एवढ्याचेच वेगळे पॅक कंपन्यांनी ठेवलेच पाहिजेत, आणि त्यांची मुदत ९० दिवसांवरून वाढवून ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. २०२५ मध्ये आईला तसा वर्षाचा पॅक मारून दिला. कालनिर्णयच्या मागच्या पानावर तिनं मुदत संपायची तारीख लिहिली आणि खाली सही केली, बाबांसारखी.

बूथ गेला, बूथवाले काका गेले, अर्धे-अर्धे वाटून घ्यायचं टेबल गेलं. पण १९८६ च्या जागी आलेला २०१९ चा कायदा आज त्या टेबलापेक्षा मजबूत आहे, फक्त आपण त्याच्यापर्यंत जात नाही. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की बंगळुरूत, आता तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे पूर्वीचा मंच, वणीच्या माणसासाठी आहे आणि उमरखेडच्याही. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर एक रुपयाही फी नाही. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर घरबसल्या टाकता येते. ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा, हे नियमात लिहिलेलं आहे. नुकसान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावं लागतं.

तेव्हा घरातल्या म्हाताऱ्यांचा फोन एकदा हातात घेऊन बघा. कुठला पॅक आहे, दरमहा काय कापलं जातं, कुठला मेसेज इंग्रजीत येऊन न वाचता पडलाय. पैसे गेल्याचा मेसेज पुसू नका, पडद्याचा फोटो काढून ठेवा, तारीख लिहा. आणि मग १९१५ लावा. मराठीत बोला.